शिडी आमची, हुकूम आमचा

मी तापट माणूस आहे, हे आमच्या गावात कुणाला सांगायला नको. तरी जूनमधल्या त्या सोमवारी, भर दुपारी, पुलावर शिडीचा बंब उभा करून, इंजिन चालू ठेवून, पलीकडच्या काठावर उठणारा काळा धूर बघत मी बावीस मिनिटं थांबलो. बावीस! दर मिनिटाला घड्याळात बघत होतो, म्हणून आकडा पाठ आहे.

आमचं कार्व्हर फॉल्स नदीच्या अलीकडे, अमेरिकेच्या मेन राज्यात. पलीकडे सेंट-अल्बिन, म्हणजे कॅनडा. मधे चालत पाच मिनिटांचा पूल. माझी बायको इव्हेट तिकडची, सासूबाई अजून तिकडेच, आणि इव्हेटचा धाकटा भाऊ नॉर्बेर हा सेंट-अल्बिनच्या बंबवाल्यांचा चीफ. इकडचा चीफ मी, वेंडेल. माझ्या आधी माझा बाप होता. दोन्हीकडे सगळे स्वयंसेवकच. एरवी माझं हार्डवेअरचं दुकान, नॉर्बेर शाळेत भूगोल शिकवतो.

चाळीस वर्षांचा रिवाज असा, की कुठल्याही काठाला आग लागली की दोन्हीकडचे बंब निघायचे. कुणी बोलवायचं नाही, कुणी विचारायचं नाही. पुलावरच्या सीमाचौक्यांचे दांडे आधीच वर. आणि आग त्यांच्या हद्दीत असली तरी हुकूम आमच्या चीफचा. हे कागदावर कुठंही नव्हतं. शंभर फुटी शिडी फक्त आमच्याकडे, म्हणून हुकूम आमचा, एवढा साधा हिशेब. नॉर्बेरला त्या शिडीवर चढायला मीच शिकवलं. पहिल्यांदा वर गेला तेव्हा त्याचे पाय लटलट कापत होते, आणि खाली आल्यावर म्हणाला, "दाजी, ताईला सांगू नका हं."

मग वॉशिंग्टनहून टॅरिफ आलं, कॅनडाच्या मालावर जबर आयात-कर. सेंट-अल्बिनच्या लाकडाच्या गिरणीचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आमच्याकडचं. ते तुटलं. न विकलेल्या फळ्यांच्या थप्प्या गिरणीच्या आवारात चढत गेल्या आणि माणसं घरी बसली. त्यात वर टीव्हीवर रोज ऐकायचं, की त्यांचा देश आपलं एकावन्नावं राज्य होणार. आमच्याकडे लोक हसायचे. मीही हसलो. तिकडच्यांनी पूल ओलांडून खरेदीला येणं सोडलं, आणि शनिवारी दुकानात माझ्यावर माशा मारायची वेळ आली, तेव्हा हसू जरा कमी झालं.

मार्चअखेर दोन्ही ब्रिगेडचं बीन्सचं जेवण असतं, आमच्या चर्चच्या तळघरात. त्यात दोन्ही चीफनी उठून एकमेकांची टर उडवायची. वीस वर्षं मी उठतो आणि एकच वाक्य बोलतो, "आमच्या दोन नंबरच्या ठाण्याचं स्वागत असो!" म्हणजे सेंट-अल्बिन ही आमचीच शाखा. मग ते टेबलावर चमचे आपटतात, मला शिव्या घालतात, पाव फेकून मारतात. यंदाही उठलो. यंदाही तेच बोललो. एक चमचा वाजला नाही.

नॉर्बेर म्हणाला, "दाजी, परत बोला बघू."

मला वाटलं, गडी रंगात आलाय. मी गाढव, दुप्पट आवाजात परत बोललो.

त्यांची बाराच्या बारा माणसं उठली, कोट चढवले आणि जिना चढून निघून गेली. इव्हेटनं केलेले तीन ॲपल पाय तसेच राहिले.

"फोन कर आणि माफी माग," घरी आल्याआल्या ती म्हणाली.

"कसली माफी? वीस वर्षांचा विनोद आहे तो. तेव्हा बरे दात काढत होते!"

"तेव्हा तो विनोद होता, वेंडेल. आता काय आहे, तूच सांग."

मी फोन केला नाही. एप्रिलमध्ये सेंट-अल्बिनच्या नगरपालिकेचं पत्र आलं. यापुढे त्यांच्या चीफनं रीतसर वर्दी, म्हणजे बोलावणं, नोंदवल्याशिवाय अमेरिकेचा बंब पूल ओलांडणार नाही, आणि त्यांच्या हद्दीत हुकूम त्यांच्याच चीफचा. खाली नॉर्बेरची सही. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, लागू दे एकदा आग, मग बघतो कसे नाक घासत येतात. असं चारचौघांत बोललो मी. आता लाज वाटते, पण बोललो.

आणि लागली की आग. सोमवारी दुपारी पावणेएकला गिरणीवर धूर दिसला. आम्ही सवयीनं कपडे चढवून चार मिनिटांत पुलावर. पलीकडच्या टोकाला दांडा खाली, आणि चौकीतून त्यांची सीमा-अधिकारी मिरेल बाहेर आलेली.

"काका, वर्दी नोंदवलेली नाही. दांडा उचलता येत नाही मला."

"अगं मिरेल, तुझ्या बाप्तिस्म्याला केक मी आणला होता!"

"म्हणून तर काका म्हणतेय. नाहीतर म्हणाले असते, साहेब, गाडी मागे घ्या."

रेडिओचं चॅनेल दोन्ही ब्रिगेडचं एकच. त्यावर सगळं ऐकू येत होतं. नॉर्बेरनं शिडी मागवली होती, पण त्यांच्याच देशातल्या, पाऊण तासावरच्या गावाहून. पाऊण तास! आणि मी इथं, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. मी बंबातून उतरलो, परत चढलो, परत उतरलो. दांड्यापर्यंत गेलो, मागे आलो. क्लेटन, माझा ड्रायव्हर, एरवी प्लंबर, खिडकीतून म्हणाला, "चीफ, बसा जरा. डिझेल जळतंय तेवढं पुरे, तुम्ही नका जळू."

"गप रे."

तेवढ्यात इव्हेटचा फोन. ती त्या दिवशी आईकडे होती, आणि सासूबाईंचं घर गिरणीच्या कुंपणाला लागूनच.

"कुठायस तू?"

"पुलावर."

"तिथं काय मासे धरतोयस?"

"तुझ्या भावानं वर्दी दिलेली नाही."

"वेंडेल, वारा फिरलाय. फळ्यांच्या थप्प्या पेटल्यात. आईच्या मागच्या भिंतीला हात लाववत नाही एवढी तापलीय. आणि ही बाई खुर्चीतून उठायला तयार नाही. म्हणते, वेंडेल येईल आता."

मी तिचा फोन ठेवला आणि नॉर्बेरला लावला. दोन महिने जो नंबर दाबला नव्हता, तो.

"नॉर्बेर, शिडी आणतो. नुसतं हो म्हण."

"हुकूम कुणाचा?" मागे ज्वाळांचा आवाज येत होता आणि हा असं विचारत होता.

"अरे घर पेटायला आलंय तुझ्या आईचं, आणि तू—"

"माझी बारा माणसं आत आहेत, दाजी. दोघं दोन बाजूंनी ओरडायला लागले तर त्यातली काही मरतील. हुकूम कुणाचा?"

"तुझा."

"मला सांगून काय उपयोग? रेडिओवर सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी माईक हातात घेतला. क्लेटन समोर रस्त्याकडे बघत बसला, माझ्याकडे बघेना. मी बटण दाबलं. "कार्व्हर फॉल्सची शिडी पुलावर आहे. सेंट-अल्बिनच्या चीफच्या हुकुमाखाली येतेय." एवढंच. पण चाळीस वर्षांत असं वाक्य ना माझ्या बापानं म्हटलं होतं, ना मी.

"वर्दी नोंदवली," नॉर्बेर म्हणाला. "या." मिरेलनं दांडा उचलला.

त्यानं मला सांगितलं, शिडीवरून घरांच्या ओळीवर पाण्याचा पडदा धरा. मीही तेच केलं असतं, पण सांगितलं त्यानं. क्लेटन आणि आणखी दोघं खाली, मोठ्या शेडच्या भिंतीशी नळी धरून उभे. सासूबाईंना इव्हेट आणि एका जवानानं खुर्चीसकट उचलून चर्चच्या अंगणात नेलं. तिथूनही म्हातारी मला हात करत होती. घराचा रंग फोडांसारखा फुगला, पण घर पेटलं नाही.

मग शिडीवरून मला ती भिंत दिसली. मधोमध बाहेर फुगत होती, आणि खाली माझी तीन माणसं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "क्लेटन! मागे फिरा! मागे!"

तिघांनीही वर बघितलं. मला बघितलं. आणि मान वळवून नॉर्बेरकडे बघितलं.

नॉर्बेर वीस पावलांवर होता. त्याला खालून ते फुगणं दिसत नव्हतं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. "मागे!" तेव्हा तिघं पळाले. भिंत त्यांच्या नळीवर पडली. मधे गेलं किती? एक श्वास. पण तो श्वास मला अजून पुरा सोडवत नाही.

आग आटोक्यात आल्यावर मी क्लेटनला गाठलं. "तू माझा माणूस आहेस ना? मी ओरडतोय आणि तू तोंड कुणाचं बघतोस?"

त्याचं सगळं तोंड काजळीनं काळं झालं होतं. तो म्हणाला, "तुम्हीच रेडिओवर सांगितलंत, चीफ."

त्यानं केलं ते शहाण्या जवानासारखं केलं, आणि ते मीच त्याला शिकवलेलं. तरी मला त्याच्या एक मुस्कटात ठेवून द्यावीशी वाटली.

थोड्या वेळानं नॉर्बेर दोन कप कॉफी घेऊन आला आणि बंबाच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला. "भिंतीचं तुमचं बरोबर होतं, दाजी."

"मला माहितीय." मग मीच म्हटलं, "ते जेवणाच्या वेळचं माझं चुकलं. दोन्ही वेळा. पुढच्या वेळी मला बावीस मिनिटं ताटकळत ठेवू नकोस, बाबा. सरळ बोलव. हुकूम तुझा, माझं काही म्हणणं नाही."

त्यानं कप खाली ठेवला. "पुढच्या वेळी बोलवायला लागणार नाही. आमची शिडी येतेय नोव्हेंबरात. फिनलंडहून."

"फिनलंड! अरे, आमच्या विस्कॉन्सिनात बनतात त्या काय वाईट आहेत?"

"तुमच्या मालावर आता आम्हीही टॅरिफ लावलंय ना. आणि खरं सांगू? फुकट दिली असती तरी नगरपालिकेत कुणी हात वर केला नसता."

फुकट दिली असती तरी! मी म्हटलं, "बरं. मग पोरांना शिकवायला मी येत जाईन. आठवड्यातून दोनदा. शंभर फुटांवर वारा कसा घ्यायचा, ते पुस्तकात वाचून येत नाही."

नॉर्बेरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि अगदी हळू, आजारी माणसाशी बोलतात तसा बोलला, "शिकवायला त्या कंपनीचा माणूस येणार आहे, दाजी. महिनाभर राहणार आहे. तसं करारातच आहे."

"बरं झालं," मी म्हटलं, आणि शिडी आत घ्यायला उठलो. एरवी ते काम मी क्लेटनला ओरडून सांगतो. त्या दिवशी स्वतःच खटका दाबून उभा राहिलो, आणि शिडी एकेक टप्पा करत पुरी आत येईपर्यंत बोट काढलं नाही.