काठोकाठ भरलेला पेला

गाडी दारात येऊन उभी राहिली आणि सावकाशरावांना कळलंसुद्धा नाही. हे त्यांना फार लागलं.

चाळीस वर्षं रुग्णवाहिका चालवलेला माणूस. दोन गल्ल्या पलीकडून गाडी येऊ दे, हातातला घास हातात ठेवून, मान वर न करता सांगायचे की हिचा पट्टा सैल झालाय, हिचा सायलेन्सर फुटलाय, आणि हिला काही झालेलं नाही, चालवणाराच तापट आहे. असा कान असलेला माणूस सकाळपासून खिडकीत वाट बघत बसला होता, आणि लेकीनं आणलेली विजेची गाडी मांजराच्या पावलांनी येऊन फाटकाशी बसली. नातीनं "आजोबा, आली की," म्हणून बाही ओढली तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं.

सावकाशराव हे नाव त्यांना इस्पितळानं दिलेलं. आधी चेष्टेनं, मग मायेनं. हाड मोडलेली माणसं, दिवस भरलेल्या बाया मागे निजलेल्या असायच्या आणि पुढे चाकावर हे. नर्सबाई आधी विचारायच्या, "गाडीवर सावकाशराव आहेत ना?" आणि मगच स्ट्रेचरला हात लावायच्या.

आता मागे निजवायची पाळी घरातल्याच माणसाची होती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं, आणि भाड्याच्या गाडीतला एकेक खड्डा ती ओठ दाबून सोसायची. बोलायची नाही. पण उतरताना तिनं धरलेल्या दाराच्या कडीवर ओल्या तळहाताचा ठसा राहायचा, तो सावकाशराव बघायचे.

लेक कृत्रिम दात बनवायची. स्वतःची कार्यशाळा, हाताखाली तिघीजणी. अर्ध्या शहराचं हसू तिच्या हातून घडलेलं. तिनं दोन महिने शोधून ही गाडी निवडली होती. आटोपशीर, पण उंच बांध्याची, आतून एखाद्या चांगल्या घरासारखी. कंपनीनं ती दोन दिवस वापरून बघायला दिली होती, कालचा दिवस तिनं स्वतः चालवून बघितली, आज संध्याकाळी परत करायची होती. लेक म्हणाली होती, "घ्यायची की नाही ते बाबा सांगतील. ते नाही म्हणाले तर विषय संपला."

त्या एका वाक्यानं सावकाशरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आणि आता गाडीपुढे उभं राहिल्यावर तेच वाक्य जड झालं होतं. आपलं सगळं ज्ञान कानात. हिला तर आवाजच नाही. मग आपल्या शब्दाला किंमत ती काय?

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. कान टेकवला. आत सगळं शांत.

दारातून बायको काठी टेकत आली आणि थांबली. उठता-बसता ओळी जुळवायची तिची जुनी खोड.

"आली गाडी दारी, तिचा आवाज येईना,
रुसले ड्रायव्हर, त्यांना कान कुणी देईना."

"हस," सावकाशराव म्हणाले. "गुडघा तुझा आहे. मी कुठे बसणार आहे मागे?"

मग त्यांनी वही काढली. रोज सकाळी रुग्णवाहिका बाहेर काढण्याआधी करायचे तशी तपासणी सुरू झाली. बायकोला चारदा बसवलं, चारदा उतरवलं. आसन तिच्या कमरेच्या बरोबरीला. खाली कोसळायला नको की वर चढायला नको. छान. मागे मात्र बॅटरीमुळे तळ वर आलेला, गुडघे पोटाशी येतात. म्हणजे हिची जागा पुढे. मागच्या बाकावर दोघं ऐसपैस, तिसरा बसला तर रुसणार. डिकीत घडीची खुर्ची, नातीचं दप्तर आणि बाजाराच्या दोन पिशव्या मावल्या. तिसरी पिशवी नातीनं मांडीवर घेतली आणि "मावली" असं जाहीर केलं. वाऱ्याचं बटण शोधून सापडेना.

"ते पडद्यावर आहे, बाबा."

"म्हणजे वारा हवा असेल तर रस्त्यावरची नजर काढायची?" त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"चार्जिंगला खाली आपल्या जागेवर प्लग बसवून देतात. एकदा भरली की आपला आठवडा निघतो. कंपनी सांगते त्यातलं पाऊण धरलं तरी."

"पाऊण धरलंस ते बरं केलंस. आता खरी परीक्षा." ते आत गेले आणि पेला घेऊन आले.

नातीनं श्वास रोखला. त्या पेल्याला घरात कुणी हात लावत नसे. साधाच, कडेला एक पोचा आलेला. सावकाशरावांच्या उस्तादांचा. त्यांच्या गॅरेजची एक रीत होती. नव्या ड्रायव्हरला गाडी देण्याआधी मागे एक माणूस बसायचा, डोळे मिटून, हातात काठोकाठ भरलेला पेला. इस्पितळापासून पुलापर्यंत जायचं. थेंब सांडला तर नापास, पुन्हा महिनाभर गाड्या धुवायच्या. सांडला नाही तर ते पाणी चालवणाऱ्यानं प्यायचं, सगळ्यांसमोर. सावकाशराव बाविसाव्या वर्षी ते पाणी प्यायले होते. पुढे ते स्वतः उस्ताद झाले; त्यांच्या हाताखालून कितीतरी जण गेले, पाणी प्यायले फक्त दोघं. लेक सात वर्षांची असताना एकदा गॅरेजात आली होती आणि तहान लागली म्हणून तिनं तोच पेला उचलला होता. त्यांनी तो काढून घेतला होता. "हे पाणी मागून मिळत नाही, बाळ."

आज त्यांनी पेला भरून बायकोच्या हातात दिला. रीतीप्रमाणे पेला मागेच हवा, म्हणून तेवढ्यापुरती ती मागे डावीकडे, शेजारी नात. लेक पुढे बसली.

"बाबा, निघायच्या आधी एक सांगू? हिच्यात पाय—"

"तू मला पाय शिकवणार?"

मागून नात म्हणाली, "आजोबा, पट्टा." त्यांनी पट्टा लावला.

गाडी निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. डावा पाय क्लच शोधत राहिला आणि शेवटी बिचारा बेकार होऊन बसला. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. सावकाशरावांच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं. पुढे चौकात लाल दिवा दिसला. इथंच तर त्यांची खरी कमाई होती. बाकीचे ब्रेक मारतात. सावकाशराव लांबूनच अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलत आणि गाडीला तिच्या मनानं वाहत जाऊ देत. नदी घाटाला लागावी तशी गाडी दिव्याशी लागे. त्यांनी पाय उचलला.

गाडी कुणीतरी मागून पदर ओढावा तशी आवरली. पाणी उसळून बायकोच्या साडीवर सांडलं आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं. तिनं लगेच ओठ दाबले, पण निघायचं ते निघून गेलं होतं.

दिवा हिरवा झाला. घरापर्यंत सावकाशरावांनी गाडी कशी आणली ते त्यांनाच ठाऊक. उतरले, वहीत एक शब्द लिहिला आणि वही लेकीपुढे धरली. नापास.

"गाडी की तुम्ही?" बायकोनं साडी झटकत विचारलं.

"तेच तर." त्यांचा आवाज उतरला होता. "चाळीस वर्षं जमवलेलं एकच कसब. तेच हिला चालत नाही. आणि मी हिच्याबद्दल काय सांगणार?"

लेकीनं रिकामा पेला उचलला, आत जाऊन भरून आणला. काठोकाठ. तो तिनं वडिलांच्या हातात दिला.

"मागे बसा, बाबा. डोळे मिटून."

"मी?"

"रीत रीत आहे. मी नापास झाले तर गाडी परत."

जन्मात ते मागे बसले नव्हते. आता बसले, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांत पेला धरून. बायको पुढे. नातीनं तोंडावर हात धरला, कारण तिला बजावलं होतं की एक शब्द काढायचा नाही.

"हिच्यात पाय एकदम उचलायचा नसतो," लेक पुढून म्हणाली. "उचलला की गाडी स्वतःला आवरते आणि ती वीज परत साठवते. त्याचा जोर कमी करता येतो, पण मी नाही केला. पाय झिजवत आणायचा. दाताला शेवटची कानस लावते ना, तसा. रेशीम काढल्यासारखा."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगू दिलंत?"

बायकोला हसू आलं. सावकाशरावांनी डोळे मिटले.

अंधारात त्यांनी सवयीनं कान टवकारले आणि ऐकायला काही नव्हतं म्हणून हळूहळू अंगानंच ऐकायला लागले. पाठीला आसनाचा भार, तळहाताला पेल्याचा गारवा. याच अंधारात माणसं आपल्यामागे निजली होती तर. त्यांना छत दिसत होतं आणि आपली पाठ. आणि त्यांनी जीव त्या पाठीवर टाकला होता. उस्ताद म्हणायचे, मागच्याला वळण कळलं तर वळण चुकलं. ते गॅरेजात कितीदा बोलून दाखवलं असेल! तेव्हा कोपऱ्यातल्या टायरवर एक परकरातली पोर पाय हलवत बसलेली असायची. आपल्याला वाटायचं, खेळतेय.

पेल्यातलं पाणी बोटाला लागलं नाही. बराच वेळ लागलं नाही. चौकाच्या आधी त्यांनी अंग आवळून धरलं, आता हिसका येईल, आता येईल. आला नाही.

"चौक आला की सांभाळून," ते डोळे मिटूनच म्हणाले. "मी सांगतो पाय कधी—"

शेजारी नातीच्या हातामागून हसू फुटलं.

"अगं, चौक येतोय का?"

"बाबा," लेक म्हणाली, "चौक कधीच गेला. दवाखाना आलाय. थांबूनसुद्धा झालं थोडा वेळ."

त्यांनी डोळे उघडले. समोर दवाखान्याची पाटी होती, पायऱ्यांशेजारचा उतार होता. बायको मान वळवून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ दाबलेले नव्हते. दाराच्या कडीला तिनं हातही लावला नव्हता. त्यांनी खाली बघितलं. पाणी काठाला होतं तसं होतं, वर आभाळाचा एक तुकडा घेऊन निवांत.

ते जपून उतरले. चाळीस वर्षांची सवय, पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. पेशंटसाठी दार उघडायचं असतं. मग थांबले. गाडीला वळसा घालून पुढे आले आणि लेकीच्या बाजूचं दार उघडून, ते धरून उभे राहिले.

"उतर."

ती उतरली. पाठीनं ताठ, डोळ्यांत थोडी भ्यालेली, टायरवर बसणारी तीच पोर. सावकाशरावांनी दोन्ही हातांनी पेला पुढे केला.

"इथं?" तिनं दवाखान्यात जाणाऱ्या माणसांकडे बघितलं.

"सगळ्यांसमोर," ते म्हणाले. "रीत रीत आहे."

लेक पाणी प्यायली. एका दमात, हनुवटीवरून ओघळू न देता. नात टाळ्या वाजवत होती, आणि पुढच्या आसनावरून काठी सावरत बायको गुणगुणली,

"लेकीच्या हाती चाक, बाप मागे मिटी डोळे,
पेल्यातलं पाणी जणू निजलेलं तळे."

सावकाशरावांनी खिशातून वही काढली. नापास हा शब्द खोडला नाही, त्याच्यापुढे कंसात 'मी' असं लिहिलं. खालच्या ओळीत लिहिलं: गाडी घ्यावी. वाऱ्याचं बटण वाईट आहे. चालवणारी माझी मुलगी आहे.

मग वही मिटून लेकीला म्हणाले, "परत जाताना मी चालवतो. तू शेजारी बस आणि पाय सांग."

"आणि पेला?"

"आईच्या हातात दे. अर्धाच भर. मी शिकाऊ आहे."