सावलीचोराचा शेवटचा भाग

माझं लग्न झालेलं आहे आणि माझं कृतांतवर प्रेम आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मी बंडूला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आधीच बजावून ठेवलंय. तो म्हणतो, "जो मानूस हायेच नाई, त्याचा मले काहून राग येईन?" आणि मग वरणात मीठ जास्त पडलं की हळूच विचारतो, "काय वं दामिनी, कृतांत आला होता का सैपाकघरात?"

कृतांत माझ्या नणंदेचा. रागिणी अमरावतीला एम.ए. करते आणि मोबाइलवर वाचायच्या एका ॲपवर 'काळडोह' नावाची मालिका लिहिते. काळडोहचा राजा प्रजेकडून सावल्यांचा कर घेतो. ज्याची सावली गेली त्याला घरचेच हळूहळू विसरत जातात. कृतांत हा त्या राज्यातला सावलीचोर. काळे कपडे, भुवईवर वण, आणि खोटं बोलण्यात असा तरबेज की त्याच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. पहिल्या पुस्तकात त्याने स्वतःच्या गुरूची सावली विकली. दुसऱ्यात कळलं की ती विकली नसती तर अख्खं गाव डोहात गेलं असतं. तिसऱ्यात त्याने असं काही केलं की मी त्याच्याशी अबोला धरला, आणि पुढचा भाग आला तशी चुलीवरचं दूध सोडून आधी तो वाचला. दूध अर्थातच उतू गेलं.

वेड लागलेली मी एकटी नाही. दर्यापूर रोडवर आमचा फुलांचा मळा आहे. दुपारी शेडमध्ये ताडपत्री टाकून आम्ही बायका हार ओवायला बसतो. मी, बंडूची आत्या, आणि कामाला येणाऱ्या गोदाबाई नि दुर्गाबाई. रागिणी सुटीला आली की मोबाइल घेऊन मध्ये बसते आणि 'काळडोह' वाचून दाखवते. पहिल्या दिवशी गोदाबाईला वाटलं ही पोथी आहे, म्हणून तिने मोबाइलवर फूल वाहिलं. पोथी नाही हे कळल्यावरही ती वाहतेच. म्हणते, "असू दे माय, चोर असला तरी त्याचं भलं व्हावं."

त्यानंतर आमची चर्चा. कृतांतचं स्थळ आलंय आणि मुलगी आमच्याच घरची आहे, अशा थाटात.

"पोट्टा उंच हाये, नाकीडोळी नीटस हाये," गोदाबाई म्हणणार.

"धंदा वाईट हाये पन त्याचा," दुर्गाबाई.

"सोडन ना लग्न झाल्यावर."

"शेती हाये का?"

"एवढं राज्य हाये ना तिथी."

"राज्य राजाचं. याच्या नावावरचा सातबारा दाखव मले."

हसून हसून आमचे हार वाकडे होतात. पण वाचन सुरू झालं की चिडीचूप. फक्त हुंकारा. आमच्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यातल्या एकाने हुंकारा द्यायचा असतो. वाक्य संपलं की 'हूं'. हुंकारा थांबला की गोष्टही थांबते, मग ती कितीही रंगात आलेली असो. शेडमध्ये हा मान आत्याचा. तिचा 'हूं' असा भरदार की कृतांतलाही तो काळडोहात ऐकू जात असावा.

आत्या म्हणजे माझे सासरे जानराव यांची धाकटी बहीण, पार्वताबाई. ती तरुणपणीच नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली आणि आमचा फुलांचा धंदा तिनेच उभा केला. बाजारात तिच्याइतकं सफाईदार खोटं कोणी बोलत नाही. कालची शेवंती ती "आत्ता तोडली, दव पाह्य तिच्यावरचं" म्हणून विकते आणि ते दव तिने स्वतः शिंपडलेलं असतं. पण मयताच्या घरून हार न्यायला कोणी आलं तर पैसे घेत नाही. वर त्यालाच दम देते, "फुकट देल्लं म्हनून सांगशील तं याद राख." मला ती फार आवडते. आमच्या घरात मात्र हे बोलायची सोय नव्हती.

कारण गेल्या वर्षीचा साखरपुडा. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, रागिणीचं पातूरला जमवलं होतं. मुलगा बरा, जमीन काळीभोर, चारचौघांत शब्द दिलेला. साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांची गाडी फाट्यावर आली, तर तिथे आत्या उभी. तिने गाडी थांबवली आणि सांगितलं की पोरीला फेफरं येतं. गाडी तिथूनच माघारी गेली. इकडे दारात मांडव, चुलीवर बुंदी, आणि नवं धोतर नेसून वाटेकडे बघणारे मामाजी.

गावाने एकच अर्थ काढला. हिचं घर टिकलं नाही, म्हणून भाचीचं होऊ देत नाही. मामाजींनीही तोच काढला आणि बहिणीशी बोलणं टाकलं. आत्या चूल घेऊन मळ्यातल्या खोलीत राहायला गेली. खरं काय ते आत्याशिवाय फक्त रागिणीला आणि मला माहीत होतं. रागिणीला शिकायचं होतं. वडिलांपुढे तोंड उघडायची छाती नव्हती म्हणून तिने आत्याचे पाय धरले होते. आणि गाडी परत गेल्यावर आत्याने तिला शपथ घातली होती, "तुह्यं नाव निंघालं तं माह्या मेल्याचं तोंड पाहशील." तेव्हापासून पोरगी शपथेच्या खुंट्याला बांधलेली. मला मात्र या तिघांचाही राग यायचा. एकाच घरची माणसं एकमेकांच्या शब्दावाचून अशी उपाशी का राहतात?

तर दसऱ्याचा आदला दिवस. शेडमध्ये झेंडूचा डोंगर, अमरावतीच्या एका गाड्यांच्या शोरूमची हारांची मोठी ऑर्डर, आणि संध्याकाळी टेम्पो भरायचा. हात कमी पडत होते, म्हणून मामाजी पहिल्यांदाच सुई-दोरा घेऊन ओवायला बसले. आत्या डोंगराच्या एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. बोलणं माझ्यामार्फत.

"सूनबाई, तिकडं सांग, दोरा जपून वापरा म्हना."

"दामिनी, तिकडं सांग, हा दोरा माह्या गल्ल्यातला हाये म्हना."

मी टपाल पोचवत होते आणि ओठ दाबून हसत होते.

त्याच संध्याकाळी 'काळडोह'च्या शेवटच्या पुस्तकाचा शेवटचा भाग ॲपवर जायचा होता. वाचणाऱ्यांनी जीव खाल्ला होता. पुण्याच्या एका मुलीने कळवलं होतं की कृतांत मेला तर ती परीक्षेला बसणार नाही. गोदाबाईने मोबाइलवर फूल ठेवलं आणि म्हणाली, "हं, वाच."

रागिणीने वडिलांकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "आज नको," ती म्हणाली.

का नको ते मला ठाऊक होतं. सकाळीच मी तो भाग वाचला होता. त्यात पोरीने फाट्यावरची सगळी हकीकत जशीच्या तशी उतरवली होती. माणसं फक्त काळडोहातली. बाबा काही वाचत नाहीत आणि दुपारी शेडमध्ये कधी येत नाहीत, या भरवशावर.

"आज नको म्हंजे?" दुर्गाबाईने सुई खाली ठेवली. "लागलेली पोथी अशी मधातच सोडत असतात का?"

"पोथी नाहीये ती, मावशी."

"फूल वाह्यलं ना? मंग झाली पोथी."

गोदाबाईनेही सुई ठेवली. बाहेरून बंडू ओरडला, टेम्पोवाला निघालाय. कोणी हलेना. आणि त्यात भर घातली ती आत्यानेच, जिला आत काय आहे याचा पत्ता नव्हता. "वाच ना वं, नखरे काहून करून राहिली? पाहू दे मले त्या मेल्याचं काय होते ते."

रागिणीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही सांगता येणार नाही. ती वाचायला लागली.

"सरदाराने भर सभेत शब्द दिला होता. त्याच्या मुलीने, इराने, लग्नाला नकार दिला असता, तर शब्द मोडल्याचा डाग बापाच्या कपाळी लागला असता."

"हूं," आत्या.

"मग इरा कृतांतकडे गेली. तिने त्याचे पाय धरले आणि म्हणाली, मला यातून सोडव."

हुंकारा आला नाही.

आत्याच्या हातातला झेंडू सुईच्या टोकाशी थांबला होता. तिने रागिणीकडे अशी नजर टाकली की बाजारातलं गिऱ्हाईक पिशवी टाकून पळालं असतं. "पार्वताबाई, हुंकारा," गोदाबाई कुजबुजली. रागिणीचे डोळे भरले, पण मोबाइल तिने खाली ठेवला नाही. हुंकाऱ्याशिवाय पुढे जाता येईना, आणि इतकं वाचल्यावर मागेही येता येईना. मी द्यावा म्हटलं तर तो मान माझा नव्हता. गोष्ट आता इथेच बसली, आणि तिच्याबरोबर आमचं घरही, असं मला वाटलं.

"हूं."

डोंगराच्या पलीकडून. मामाजींनी मान वर केली नव्हती.

रागिणी वाचत राहिली. "कृतांत म्हणाला, तुझे वडील आता मागे फिरू शकत नाहीत. चांगल्या माणसाने दिलेला शब्द मोडायला एक वाईट माणूस लागतो. तो मी आहेच."

"हूं."

"तो वाटेवर जाऊन उभा राहिला आणि वऱ्हाडाला म्हणाला, मुलीला शाप आहे. वऱ्हाड माघारी गेलं. सगळे कृतांतला बोलले. सरदारही बोलला. त्याने उलट उत्तर दिलं नाही. दिलं असतं, तर इराचं नाव पुढे आलं असतं."

"हूं." हा जरा जड निघाला.

"पाह्य, निंघाला ना चांगला!" गोदाबाईने दुर्गाबाईला ढोसलं. "मी सांगतच होती."

"आता देऊन टाकू पोरगी," दुर्गाबाई म्हणाली. "सातबारा मंग पाहू."

मामाजींनी सुई ताडपत्रीत खोचली.

"पार्वते."

वर्षभरात हे नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. आत्या खाली बघून ओवत राहिली.

"फेफरं?" मामाजी म्हणाले. "अवं, जगात इतके रोग हायेत. तुले फेफरंच सुचलं?"

"गाडी फाट्यावर आली होती, दादा," आत्या म्हणाली. "घाईत जे तोंडात आलं ते सांगतलं."

"पातूरवाल्यानं मंग मले फोन करून सांगतलं, पोरीले कांदा हुंगवत जा म्हने. मांडवात उभं राहून मी त्याले हो हो म्हनून राह्यलो."

दुर्गाबाईने पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. मग गोदाबाई. मग मी. मग आमच्या या मामाजींचं पोट हलायला लागलं, आणि त्यांना हसताना बघून रागिणी रडता रडता हसू लागली. "बाबा, मीच आत्याला..." ती सांगू लागली.

"समजलं मले. मघापासून हुंकारा कोन देऊन राह्यलं?"

हसली नाही ती फक्त आत्या. हसणं जरा ओसरल्यावर ती म्हणाली, "पोरीच्या चालचलनावर बोट ठेवलं असतं तं गाडी त्याहून लौकर वळली असती. पन ते माह्या जिभेवर आलं नाई."

दुर्गाबाईने तोंडातला पदर काढला. मामाजी तिच्याकडे बघत राहिले. मला फार रडू आलं, ते मी शिंकेवर ढकललं. झेंडूने येतातच शिंका.

रागिणीने डोळे पुसले आणि मोबाइलवरून बोट सरकवलं. पुढे काय आहे ते मला माहीत होतं. कृतांत शेवटची सावली म्हणून स्वतःचीच देतो आणि सगळे त्याला विसरतात, कायमचे. ती त्या ओळींकडे बघत बसली आणि मग तिने विचारलं, "आत्या, शेवटी राजा करू का गं त्याला?"

"राजा-बिजा नको करू. लयच माजन तो," आत्या म्हणाली. "घरात घेतलं म्हंजे झालं."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बंडू काहीतरी विचारत होता. मामाजी उठले, झेंडूच्या डोंगराला वळसा घालून अलीकडे आले आणि बहिणीच्या शेजारी मांडी घालून बसले. तिच्या हातातला अर्धा हार त्यांनी दुसऱ्या टोकाने धरला.

"घरात घेतलं, असं लिही," ते रागिणीला म्हणाले. "आन् त्या सरदारानं त्याची माफी मागतली, हेबी लिही."

"तो सरदार कायची माफी मागते," आत्या म्हणाली. "लय ताठ हाये तो."

"मागते," मामाजी म्हणाले. "लिही तू."