पिवळी रेघ

लिफ्टमध्ये आवाज येऊ लागला की बहुतेक इमारतींत एकच गोष्ट घडते. पहिल्या दिवशी सगळे दचकतात, दुसऱ्या दिवशी एकमेकांना सांगतात, आणि आठवड्याभरात तो आवाज घरचाच होऊन जातो. या सहा मजली इमारतीतही तेच झालं होतं. चौथा मजला आला की खट्, उतरतानाही खट्. ‘सांगितलंय, बघतील,’ असं म्हणून सगळे आपापल्या घरात शिरत. गप्प बसल्या नाहीत त्या फक्त पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. पाठीचं दुखणं असलेल्या बहिणीला त्या रोज दोनदा चाकाच्या खुर्चीतून खाली नेत, त्यामुळे ती खट् त्यांच्या काळजात रुतून बसली होती.

म्हणूनच लिफ्टची देखभाल करणारा लिफ्टवाला आला तेव्हा त्यांनी त्याला दारातच गाठलं. आवाज महिन्याभरात वाढलाय, आता जमिनीलाही हिसका बसतो, असं त्यांनी सांगितलं.

तो हसला. “मावशी, ही बाबांनी बसवलेली लिफ्ट आहे. तिला काही होणार नाही.”

यावर बाईंनी मान डोलावून त्याला वाट दिली, कारण त्याच्या बाबांचं नावच तसं होतं. गावभर लोक त्यांना नुसतं मिस्त्री म्हणत. त्यांनी तीस वर्षं सतरा इमारतींच्या लिफ्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळल्या होत्या. स्वभावाने मुखदुर्बळ, पण हात सोन्याचे. लिफ्ट ज्या दोन लोखंडी रुळांवरून वरखाली होते, ते रूळ भिंतीला धरून ठेवणाऱ्या प्रत्येक नटावर त्यांनी पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढलेली असे. लोक तिला मिस्त्रींची सही म्हणत. मुलगाही तेच समजत आला होता. बाबांनी त्याला मोटर शिकवली, तारा शिकवल्या. रुळांचं काम मात्र ते आणि त्यांचा जोडीदार बघायचे. मग एके दिवशी सकाळी बाबा गेले, आणि शिकवायचं राहिलेलं राहूनच गेलं.

बाप गेल्यावर पोरगा पार खचला होता. पहिल्या वर्षी, बाबा गेले त्या तारखेला, त्याला घरात बसवेना. तो बाबांचा कुंचला आणि पिवळ्या रंगाचा डबा घेऊन निघाला आणि पुढच्या काही दिवसांत सतराही इमारतींत फिकट झालेल्या रेघा नव्याने रंगवून आला. लोकांचे डोळे पाणावले. असा मुलगा सगळ्यांना मिळो, असंही कुणी म्हणालं. तेव्हापासून दर वर्षी त्याचा हा नेमच झाला. आज तिसरं वर्ष होतं.

लिफ्टच्या टपावर उभा राहून तो अंधाऱ्या बोळातून हळूहळू वर चालला होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात कुंचला. चौथ्या मजल्यापाशी एका नटावरची रेघ त्याला विचित्र दिसली. नटावरचा तुकडा एकीकडे, नटाखालच्या लोखंडी पट्टीवरचा दुसरीकडे, मध्ये बोटभर अंतर. शेजारच्या नटावरही तसंच. रंगाचे पोपडे गेले असतील, असं त्याला वाटलं. बाबांची रेघ अशी मोडकी दिसू नये म्हणून त्याने दोन्ही तुकडे पुसले आणि वरून एक सरळ, सुरेख, ठसठशीत रेघ ओढली.

सामान आवरून तो दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बाबांच्या जोडीदाराकडे गेला. काकांचे गुडघे गेल्यापासून ते खुर्चीतच असत. चहा घेता घेता त्याने सकाळपासूनची हकिकत सांगितली. मोडक्या रेघेचंही सांगितलं, जरा कौतुकानेच.

काकांनी कप खाली ठेवला. “मोडकी म्हणजे कशी?”

त्याने बोटांनी करून दाखवलं. काकांचा चेहरा उतरला.

“अरे, ती सही नव्हती,” ते म्हणाले. “नट घट्ट आवळल्यावर नट आणि पट्टी मिळून एकच रेघ ओढायची. नट सैल होऊन फिरला की रेघ मोडते. मोडलेली रेघ शोधायलाच तुझा बाप दर महिन्याला वर चढायचा. ती सांगत होती, मी सुटतोय म्हणून. तू तिचं तोंड बंद केलंस.”

“पण मी बाबांची आठवण म्हणून...”

“आठवण त्याची ठेवलीस, काम कुणी केलं? तीन वर्षांत पाना लावलास का एकदा तरी?”

लावला नव्हता. तो ताडकन उठला. इमारतीच्या रखवालदाराला त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. त्याने घड्याळ पाहिलं. नर्सबाई बहिणीला खाली न्यायची हीच वेळ होती.

तो धावत सुटला. दोन गल्ल्या त्याला दोन कोसांच्या वाटल्या. तो पोचला तेव्हा दारावरचा आकडा सहावरून पाचवर आला, थांबला. वर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, खुर्चीची चाकं आत शिरली, दार लागलं. हाका मारून उपयोग नव्हता. त्याने जिन्याखालची विजेची पेटी उघडली आणि मुख्य खटका खाली ओढला. वर काहीतरी जोरात घासलं, आणि मग सगळं शांत झालं.

लिफ्ट पाचव्याच्या हातभर खाली अडकली होती. वरून किल्लीने दार उघडून त्याने आणि आवाज ऐकून धावत आलेल्या रखवालदाराने आधी खुर्ची, मग बाईंना बाहेर ओढून घेतलं. बहिणीने खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते.

मग तो चौथ्या मजल्याच्या दारातून बोळात वाकला. रूळ भिंतीपासून सुटून पुढे झुकला होता. त्याने नटाला हात लावला. पान्याची गरजच पडली नाही, दोन बोटांनीच नट गरगर फिरला! बोटांना ओला पिवळा रंग लागला. हाताने तोंड झाकून तो तिथेच ढसाढसा रडला.

नर्सबाईंना त्याने सगळं खरं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बाकीच्या सोळा इमारतींत आत्ता कोण चढत असेल?”

तोच विचार त्याला खात होता. तीन वर्षं रंगवलेल्या शेकडो रेघांखाली किती मोडक्या होत्या, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्याने त्याच दुपारी एकेक करत सतराही लिफ्ट बंद केल्या. काकांना रिक्षातून सोबत घेतलं. ते खाली खुर्चीत बसून सांगत, तो वर चढून आधी रंग खरवडे, मग पाना लावी. काम तेवीस दिवस चाललं. सैल नट निघाले एकतीस.

मंडळी, आपण गेलेल्या माणसाच्या वस्तू जपतो, सवयी जपतो, पण त्या कशासाठी होत्या हे विचारत नाही. प्रेमापोटीच विचारत नाही, आणि तिथेच घात होतो. वडिलांचं नाव पुढे चालवायचं असेल, तर आधी त्यांचं काम समजून घ्या. आणि ते जिवंत असतील, तर आजच विचारा.

त्या तेवीस दिवसांत लोक जिने चढून वैतागले. दमलेल्या एका गृहस्थांनी त्याला भर दारात सुनावलं, “तुझे वडील असते, तर त्यांनी आमचे असे हाल केले नसते.”

त्याने पाना खाली ठेवला. “बाबा असते,” तो म्हणाला, “तर त्यांनी ही लिफ्ट पहिल्या आवाजालाच बंद केली असती.”