‘गुलबदन’ची घंटा

“पटायचं नाही तुम्हाला. आजवर कुणालाच पटलेलं नाही, पण म्हणून मी काही सांगायचा थांबलो नाही,” बाहेरच्या खोलीत नाना म्हणाले, आणि स्वयंपाकघरात पोह्यांवर जीरावनचा मसाला भुरभुरणारा मंजिरीचा हात जागच्या जागी थांबला.

सुरू झाले.

सकाळपासून तिनं चारदा बजावलं होतं. तिच्या मुलाची, निखिलची, नौदलाच्या भांडारात निवड झाली होती. नेमणुकीचं पत्र तेवढं यायचं होतं, आणि त्याआधी पोलिसांची चौकशी. ठाण्यातून माणूस घरी येणार, घरात कोण कोण, कुणाची कधी काही भानगड वगैरे विचारणार, सही घेऊन जाणार. निखिल बेटम्याला सध्याच्या नोकरीच्या ड्यूटीवर गेलेला. घरात उरले दोघं, ती आणि तिचे सासरे. “नाना, नाव सांगायचं आणि वय सांगायचं,” ती म्हणाली होती. “पंचाहत्तर, बस. पुढे एक अक्षर नको.” नानांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली होती. नाना शपथ घेतात तेव्हा जास्तच बोलतात.

तरी निभलं असतं. पण आलेले हवालदार संताजी मोहिते या हिंदी मुलखात निघाले मराठी, राहणारे जवळच्याच मल्हारगंजचे, आणि उंचीला सहा फूट. आत शिरताना त्यांचं कपाळ देवघरापुढच्या पितळी घंटेवर आपटलं. घंटा घुमली ती छत्रीबागेच्या अर्ध्या गल्लीला ऐकू गेली असेल. कपाळ चोळत ते म्हणाले, “क्या भिया, घरात एवढी मोठी घंटा? आणली कुठनं?”

तिथंच घात झाला. नानांच्या, म्हणजे बाळकृष्ण मुळ्यांच्या, घरात त्या घंटेबद्दल विचारलेला माणूस पाऊण तासाच्या आत सुटलेला नाही.

मंजिरी बशा घेऊन बाहेर आली. संताजींच्या मांडीवर निखिलचा फॉर्म होता, अर्धा भरलेला. पेनाचं टोपण उघडं.

“एकाहत्तर साल,” नाना सांगत होते. “लढाई चालू. मी बावीस वर्षांचा, मुंबईला गोदीत कारकून. आपल्या आरमारानं शत्रूचं मालवाहू जहाज धरून आणलं. नाव ‘गुलबदन’. आता तुम्ही म्हणाल, धरलं म्हणजे आपलं झालं. तसं नसतं, संताजीराव. तोफांचं जहाज असतं तर प्रश्नच नव्हता. व्यापारी जहाजाचा मात्र खटला चालतो. जज म्हणाला, हे शत्रूचंच, की मग ते सरकारचं. तोवर त्यातला चमचासुद्धा हलवायचा नाही. मोजायचा, लिहायचा, दारांना लाखेचं सील ठोकायचं. हे सगळं करणार कोण? मी.”

“मतलब आमच्या ठाण्यात जप्त माल ठेवतो, त्या मालखान्यासारखंच.”

“अगदी तसंच. फक्त तुमचा मालखाना डुलत नाही.”

संताजी हसले. मंजिरी हसली नाही. इथवर सगळं ठीक होतं, इथवर ते खरंही होतं. पुढचं तिला तोंडपाठ होतं.

“नासणारा माल असेल तर निकालाआधी विकायची परवानगी मिळते,” नाना पुढे सरकले. “सहाशे पोती कांदा होता, कोंब फुटलेला. तो लिलावात काढला, पैसे कोर्टात जमा. खलाशी गेले युद्धकैद्यांच्या छावणीत. राहिला पोपट.”

“पोपट?”

“कप्तानाचा. आता तुम्हीच सांगा, पोपट कुठल्या यादीत लिहायचा? खलाशी म्हणावा तर छावणीत धाडायला हवा. माल म्हणावा तर सील ठोकायला हवं. ठोकणार कुठं? तीन महिने पत्रव्यवहार चालला. तोवर त्याला रोज चार मिरच्या मंजूर, आणि मिरची दिल्याची सही माझी. खायचा आणि मलाच शिव्या घालायचा. शेवटी वरून उत्तर आलं, नासणारा माल समजून विकावा.”

संताजींना ठसका लागला. मंजिरीनं पाणी पुढे केलं आणि त्याच घाईत म्हणाली, “भाऊ, फॉर्म आधी उरकून घेता का? चहा टाकते तोवर. साखर किती?”

“टाका की वहिनी, काही घाई नाही,” म्हणत ते पुन्हा नानांकडे वळले. “आणि घंटा?”

नानांनी मान जरा वर केली. मंजिरी चहा टाकायला गेलीच नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली.

“निकाल लागला. जहाज सरकारचं झालं, भंगारात निघालं. माझा जीव त्या घंटेवर. वर्षभर रोज तिला चिंचेनं घासली होती मी. म्हटलं, ही वितळवू देणार नाही. शेवटच्या दिवशी तिची जीभ सुतळीनं करकचून बांधली, घंटा डोक्यावर पालथी घातली आणि वरून आजोबांचं होळकरी पागोटं बांधलं. निघालो. फाटकावर शिपायानं सलाम ठोकला. मी मान वाकवू शकेना. वाकवली तर सुतळी सरकून वाजणार. शिपायाला वाटलं, एवढी ताठ मान म्हणजे कुणी मोठा साहेब. त्यानं स्वतः टॅक्सी बोलावली.”

नाना थांबले. दर वेळी इथं ऐकणारे टाळी देतात.

संताजींनी टाळी दिली नाही. बशी खाली ठेवली आणि पेन उचललं.

“नानासाहेब, पोपट-बिपट ठीक आहे. पण हे जरा सांभाळून. सरकारी ताब्यातलं सामान तुम्ही फाटकाबाहेर काढलं म्हणता. पोरगा लागतोय कुठं, तर नौदलाच्या भांडारात. उद्या माझे साहेब विचारतील, घरची माणसं कशी आहेत. मी काय लिहू?”

मंजिरीनं नानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. आता म्हणतील, गंमत केली हो. तिनं मनातल्या मनात हात जोडले.

“सीधी बात सांगा,” संताजी म्हणाले. “चोरली का?”

नानांनी मान ताठ केली.

“चोरली,” ते म्हणाले.

मंजिरीला आठवला गेल्या आठवड्यातला तो कागद. निखिलसाठी घराची जुनी कागदपत्रं शोधताना पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी सापडलेला, चार घड्यांचा, पिवळा पडलेला. ‘गुलबदन’च्या किरकोळ सामानाचा लिलाव. पितळी घंटा, नग एक, कडेला पोचा. खरेदीदार बा. वि. मुळ्ये, कारकून. खाली शिक्का. तिनं तो मुकाट्यानं घडी घालून परत ठेवला होता. चाळीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, खोटं कारण देऊन एक रजा न घेतलेला. त्याच्या जन्मात एवढी एकच चोरी होती. ती आपण कशी काढून घ्यायची? लग्न होऊन या घरात आल्याला चोवीस वर्षं झाली होती. शंभरदा तिनं हे पागोटं ऐकलं होतं, कधी मध्ये बोलली नव्हती.

पेनाचं टोक फॉर्मवर टेकलं.

मंजिरी आत गेली, ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज झाला, आणि ती कागद घेऊन बाहेर आली. तो तिनं संताजींच्या पुढ्यात ठेवला. नानांनी कागद ओळखला आणि नजर घंटेकडे वळवली.

“नाना खोटं बोलतायत,” ती म्हणाली. आवाज मोठा होता. “चोरली-बिरली काही नाही. लिलावात बोली लावून, पैसे भरून, पावती घेऊन आणलीये त्यांनी घंटा. पागोटं डोक्यावर नव्हतंच.” मग नानांकडे न बघता तिनं हळूच जोडलं, “पोपटाचं मात्र मी काही म्हणत नाही. तो असेल.”