अठ्ठेचाळीस वड्या

विसाव्याच्या पहिल्याच कट्ट्यावर रुइयिंगने कावड उतरवली. मागून चढणाऱ्या तिच्या बापाने, देशुनने, मान वळवून दरीकडे पाहिले, जणू ही बाई आपली कोणी नव्हे.

कट्ट्यावर तीन हमाल तंबाखू ओढत बसले होते. त्यांतल्या म्हाताऱ्या थानचा चेहरा खुलला. फान घराण्याची कावड या डोंगरावर कुठे टेकलेली त्याने आजवर पाहिली नव्हती.

"देशुन, हा कट्टा," तो म्हणाला. "ओळख करून दिलेली बरी. तुमची कधी गाठ पडली नाही ना."

देशुनचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हते. वसंतात त्याचा उजवा गुडघा गेला. तेव्हापासून वरच्या मठात सामान पोचवायला रोपवेचा ठेकेदार टपून बसला होता. मठाच्या थोरल्या माईंनी दोघांनाही थांबवून ठेवले होते. नवव्या महिन्याच्या नवमीला मठात मोठी पंगत असते. त्या पंगतीचा टोफू देशुनच्या मुलीने वर आणावा, तो अख्खा पोचला तर कावड फानांकडे राहील, नाहीतर दोरावरची पेटी, असा त्यांचा निरोप होता.

पुढच्या शिंक्यात ओल्या फडक्याखाली फळ्यांवर मांडलेल्या टोफूच्या अठ्ठेचाळीस वड्या होत्या. मागच्या शिंक्यात तेवढ्याच वजनाचे मीठ आणि सोयाबीन. मीठ वाटेत मिठाएवढेच राहते, टोफू मात्र पाणी सोडत जातो. पायरीपायरीला पुढची बाजू हलकी होते, मागची ओढू लागते, आणि कावड बोट बोट पुढे सरकवावी लागते. देशुन हे चालता चालता करी. पाऊल न मोडता, खांद्याच्या एका झटक्याने. तसे करणारा दुसरा माणूस डोंगरावर नव्हता. रुइयिंगने कावड खाली ठेवली, शिंक्यांचे हेलकावे थांबू दिले, खांद्याची जागा हाताने चाचपली आणि मग उचलली.

पायऱ्या सुरू झाल्यावर देशुन म्हणाला, "अजून दोन कट्टे आहेत. दोन्हीकडे बसणार?"

"हो."

"लोक बघतात."

"बघू देत, बाबा."

"एकतीस वर्षं—"

"कावड टेकली नाही आणि वडी फुटली नाही. माहीत आहे."

ती टोमणा मारत नव्हती. शाळेत बापाचा धंदा विचारला की इतर मुले एका शब्दात सांगत, ती हे अख्खे वाक्य सांगत असे, उभी राहून.

उरलेल्या दोन्ही कट्ट्यांवर ती थांबली. देशुन दोन्ही वेळा दहा पायऱ्या पुढे जाऊन उभा राहिला.

मठाच्या दारावर काळ्या-पांढऱ्या वर्तुळाची जुनी पाटी होती. तिच्याखालचा उंबरा ही पुरुष हमालांची हद्द. आत संन्यासिनींची वस्ती, तिथे पुरुषाने जायचे नाही. देशुन तिथे कावड उतरवी, छाती पुढे काढून 'एकही फुटली नाही' असे आत ओरडून सांगे आणि अंगणाच्या बाहेरच्या बाजूला पंगतीची वाट बघत बसे. आज रुइयिंग उंबऱ्याशी थांबली नाही. ती कावडीसकट आत गेली. देशुन चौकट धरून उभा राहिला.

स्वयंपाकघर पाहणाऱ्या चेंग माईंनी फडके उचलले. एकेक फळी काढून उजेडात धरली. थोरल्या माईही आल्या. त्यांनी एका वडीच्या कोपऱ्यावर बोट टेकवून पाहिले. कोपरा तसाच धारदार राहिला.

"पुढच्या महिन्यात तेल लागेल," त्या रुइयिंगला म्हणाल्या. "तूच आण." आणि निघून गेल्या.

रुइयिंगने मागचे शिंके रिकामे करायला घेतले. चेंग माई मात्र चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात बघत उभ्या होत्या. त्यात नुसता रस्सा उकळत होता.

"काही चुकलं का, माई?"

"तुझं काही चुकलं नाही, तीच पंचाईत झाली." त्यांनी डाव आपटून ठेवला. "तुझ्या बापाच्या दरवर्षी दहा-बारा फुटायच्या. न थांबता चढायचा ना. त्याच चुऱ्याचं मी सूप करते. लोक खालच्या शहरातून त्या सुपासाठी येतात. आज घालू काय?"

रुइयिंगने दाराच्या दिशेने पाहून आवाज खाली आणला.

"त्यांना सांगितलं नाहीत कधी?"

"पहिल्या वर्षी सांगणार होते. पण मी फडकं उचलायच्या आधीच तो दारातून ओरडला, एकही फुटली नाही म्हणून. इतका ताठ उभा होता. मी काय केलं, पातेलं चढवलं. अख्ख्या ताटात गेल्या, फुटक्या पातेल्यात. पंगतीला दोन्ही लागलं. आज एकच बाजू आलीये."

"सुरीनं कापा ना."

"कापलेला तुकडा रस्सा पीत नाही. हातानंच कुस्करावा लागतो. आणि ह्या वड्यांना हात लावायचा मला धीर होत नाही, पोरी. सगळ्याच्या सगळ्या अशा अख्ख्या मी इथं कधी पाहिल्याच नाहीत."

रुइयिंगने घंगाळातल्या पाण्यात हात धुतले. वरच्या फळीवरच्या चार वड्या तिने एकेक करून उचलल्या. पहिली तळहातावर थोडा वेळ तशीच धरली. मग चारही पातेल्यावर धरून कुस्करल्या.

"इतक्यात भागेल?"

"पातळ होईल. भागेल." चेंग माई तिच्याकडे बघत होत्या. "बाहेर विचारलं तर काय सांगशील?"

रुइयिंगने हात कपड्याला पुसले आणि रिकामी कावड उचलली.

देशुन चौकटीपासून हलला नव्हता. कामाचे काय झाले हे त्याने विचारले नाही.

"किती?" त्याने विचारले.

"चार फुटल्या."

त्याने मान हलवली.

"काम आपल्याकडेच राहिलं, बाबा."

"हं," तो म्हणाला, आणि पंगतीला जाऊन बसला. सूप आले तेव्हा त्याने दोन वाट्या मागून घेतल्या.

दुपारी ते उतरले. पायथ्याच्या चहाच्या दुकानात हमालांचा बाक भरला होता. थान त्यांची वाटच पाहत होता.

"काय देशुन, किती उरल्या?"

सगळे वळले. रुइयिंगला पुढचे वाक्य, ते एकतीस वर्षांचे, पाठ होते. तिने नजर खाली घातली आणि ते सुरू होण्याची वाट पाहिली.

"चार फुटल्या," देशुन म्हणाला. त्याचा आवाज दुकानाच्या बाहेर ऐकू जाईल इतका मोठा होता. "अठ्ठेचाळीसांत चार. पहिल्या खेपेला." त्याने चहाचा पेला हातात घेतला, झाकण बाजूला केले आणि वर न पाहता म्हणाला, "माझ्या पहिल्या खेपेला अकरा फुटल्या होत्या."

कोणी हसले नाही. थानच्या हातातली चिलीम विझली होती.

रुइयिंगने बापाकडे पाहिले. तो पेल्यावर फुंकर घालत होता. हा आकडा त्याने आत्ता काढला की एकतीस वर्षे सांभाळला, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते.

थान बाकावर सरकला. इतरही सरकले. देशुन पुढे झाला, तसा थानने त्याला हाताने थांबवले आणि बाकावरची रिकामी जागा रुइयिंगला दाखवली.