‘पाठटेक’मधला निळा कूलर

मित्रांनो, यवतमाळहून आर्णीकडे निघालात की आधी गाव संपल्यासारखे वाटते. मग एक पेट्रोल पंप लागतो, ट्रॅक्टरची दोन दुकाने लागतात आणि नंतर एक दुमजली घर दिसते. त्याच्यावर ‘पाठटेक : स्वस्त निवास’ अशी पाटी आहे. पुढच्या व्हरांड्यात, बाकाशेजारी, निळा रंग जागोजागी उडालेला एक पत्र्याचा कूलर उभा असतो. तो मी. मला चौदा वर्षे झाली. कूलरसाठी हे वय बरेच झाले.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या एका शेडमध्ये गोविंदा नावाच्या मिस्त्रीने मला घडवले. त्याने पत्रा कापला, वाकवला, कोपरे वेल्डिंगने जोडले. तीन बाजूंना जाळीच्या चौकटी लावून त्यांत वाळ्याच्या ताट्या भरल्या. खाली पाण्याची टाकी, तिच्यात छोटा पंप, पुढे पंखा. रंग देताना डबा संपला, म्हणून माझी मागची बाजू अर्धीच रंगली.

“मांगची बाजू भितीकडं राह्यते. कोन पाह्यते तिकडं?” गोविंदा म्हणाला आणि त्याने ब्रश धुऊन टाकला.

मला न्यायला सदाशिवराव आले. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षांत त्यांनी कितीतरी माणसांना स्टँडच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन आडवे झालेले पाहिले होते. कोणी दवाखान्यासाठी आलेला, कोणी कोर्टासाठी, कोणी परीक्षेला. गावातले लॉज अशा माणसांना परवडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी गावाबाहेरच्या आपल्या घरातच खाटा टाकल्या. “बाहेरगावच्या मानसाले पाठ टेकाले जागा पाह्यजे, बाकी काय लागते?” असे ते म्हणत. त्यावरूनच त्यांनी पाटीवरचे नाव ठरवले होते.

खालच्या हॉलमध्ये आठ लोखंडी खाटा पुरुषांसाठी आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत चार खाटा बायकांसाठी होत्या. मला खालच्या हॉलच्या खिडकीत बसवले. माणसे खाली जास्त, म्हणून कूलर खाली, इतका तो साधा विचार होता. वरच्या खोलीत उन्हाळ्यात बायका ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसत. त्यात कोणाला काही चुकीचे वाटले नाही. मीही माझ्या जागी फिरत राहिलो.

चौथ्या हिवाळ्यात सदाशिवराव गेले. लोकांना वाटले, आता पाटी उतरणार. पण त्यांच्या पत्नी लीलाबाई तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आल्या, सगळ्या चादरी काढून त्यांनी धुवायला टाकल्या आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर एक फळा लावला. ‘चपला बाहेर. ओले कपडे खाटेवर टाकू नये. पुरुष खाली, स्त्रिया वर.’ त्या कमी बोलत. सकाळ-दुपार माझ्यात पाणी भरत आणि दर आठवड्याला माझे बूच काढून टाकी रिकामी करत, पुसत. हे काम त्यांनी कधी चुकवले नाही.

आता मे महिन्यातल्या एका दुपारची गोष्ट सांगतो. त्या दिवशी रस्त्यावरचे डांबर मऊ झाले होते. हॉलमध्ये तिघेच होते. माझ्या समोरच्या खाटेवर मारेगावचा उकंडा पडला होता. तो जिनिंगच्या यंत्रांचा फिटर. कापसाचा हंगाम संपला की यंत्रे दुरुस्तीसाठी उघडतात, तेव्हा तो दर वर्षी इथे मुक्कामाला येई आणि माझ्यासमोरचीच खाट मागून घेई.

एवढ्यात बाहेरून एका मुलीची हाक आली. “कोनी हाय का व? माही दादी पडली! पानी द्या!”

ती ममता. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून आजीला, जमनीला, सोबत घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती आणि परीक्षेचे केंद्र आमच्या घरापासून जवळ होते. बसवाल्याने त्यांना अलीकडच्याच फाट्यावर उतरवले. दोन किलोमीटर त्या उन्हातून चालत आल्या आणि आमच्या पायरीशी येऊन जमनी कोसळली.

लीलाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“आंग तव्यावानी तापलं, अन् घामाचा एक थेंब नाई. ऊन लागलं हिले. आत घ्या.”

“वर नेऊ का, काकू?” ममताने विचारले. तिने दारातून फळ्यावरचे वाचले असावे.

“वर भट्टी हाय. कूलरपुढं घ्या.”

उकंडा उठून बसला होता. तो माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा होता. तो फळ्याकडे पाहत म्हणाला, “लीलाकाकू, हा तं पुरुषायचा हॉल हाय…”

“फळा मीच लावला ना? मंग मीच सांगून राह्यली. उठ खाटेवरून!”

त्यांनी जमनीला माझ्या समोर निजवले. ती तांड्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होती, डोळे अर्धे उघडे होते. लीलाबाईंनी माझा खटका पूर्ण फिरवला. मी जेमतेम वेग घेतला असेल, तोच लाइट गेली. माझा पंखा दोन-चार फेरे फिरून थांबला. कूलर असून काही उपयोग नाही, अशी ती वेळ होती.

पुढचे मात्र उकंडाला सुचले. तो माझ्या बाजूला आला. माझ्या चौकटीच्या खिट्या त्याने सरकवल्या आणि पाण्याने जड झालेली अख्खी ताटी बाहेर काढली. मग दुसरी, मग तिसरी. त्या गळत्या ताट्या त्याने खाटेच्या दोन्ही अंगांना आणि उशाशी उभ्या केल्या. समोरासमोरची दारे उघडली. हॉलमधले दुसरे दोघे वर्तमानपत्राने आणि खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागले. लीलाबाई लोट्यालोट्याने माझ्या टाकीतले पाणी जमनीच्या लुगड्यावर ओतत होत्या.

“काखेत अन् मानेवर ओला कपडा ठेवा,” ममता म्हणाली. तिने स्वतःची ओढणी भिजवून घेतली. “माह्या पुस्तकात हाय. अन् एकशे आठले फोन करा कोनी.”

गाडी यायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात माझी टाकी तळापर्यंत रिकामी झाली. गाडीचा आवाज आला त्याच सुमारास जमनीने डोळे पूर्ण उघडले आणि नातीकडे पाहिले.

“पेपर कवा हाय तुहा?”

“उद्या सकाळी, दादी.”

“मंग इथं काहून बसली? अभ्यास कर ना.”

वारा घालणारे दोघे हसले. लीलाबाई हसल्या नाहीत, पण खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांचे पाय थकलेले दिसत होते.

दवाखान्यातले मी पाहिलेले नाही. ते लीलाबाईंनी पुढे इतक्या जणांना सांगितले की मला पाठ झाले. डॉक्टर म्हणाले, तिथल्या तिथे अंग गार केले म्हणून ही बाई हाती लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ममता आजीच्या पलंगाशी हटून बसली. परीक्षेला जायचे नाही म्हणाली.

“दादीजवळ कोन राह्यीन?”

“मी हाय ना,” लीलाबाई म्हणाल्या.

“अन् तुमचं पाठटेक?”

“त्याले काय होते? चाबी उकंडाजवळ हाय. तू जाय. परत येशीन तवा तुही दादी इथंच बसून दिसन तुले.”

सदाशिवराव गेल्यापासून घराची चावी लीलाबाईंनी कोणाच्या हातात दिली नव्हती. उकंडाने त्या सकाळी कामावर खाडा केला आणि दारातल्या खुर्चीवर चावी मुठीत धरून बसून राहिला. आलेल्या माणसाला तो सांगे, “काकू दवाखान्यात हायेत. बसा, पानी प्या.”

तीन दिवसांनी जमनी पिशवी न्यायला आली. कोणीतरी तिला माझ्याबद्दल सांगितले असावे. तिने माझ्या ताटीला हात लावून पाहिले आणि लीलाबाईंना विचारले, “हे पानी कुठचं हाय, बाई?”

“बोअरचं.”

“चांगलं गार हाय,” असे म्हणून ती गेली. माझे एवढेच कौतुक तिने केले. ममताचा नंबर पहिल्या यादीत लागला नाही, दुसऱ्या यादीतही लागला नाही. तिसऱ्या यादीत अमरावतीच्या कॉलेजात लागला. ते सांगायला तिचा फोन आला तेव्हा लीलाबाईंनी स्पीकर लावून हॉलमधल्या सगळ्यांना ऐकवला.

पण त्याआधीच, जमनी तांड्यावर परतली त्याच आठवड्यात, त्यांनी मला वरच्या खोलीत हलवले होते. खालचे लोक कुरकुरले. “पुरुषायनं एक वर्ष पंख्याखाली काढलं तं काही होत नाई,” असे त्या म्हणाल्या. मला जिन्यावरून चढवणाऱ्यांत उकंडाच पुढे होता. ते एक वर्ष पुढे चार वर्षांचे झाले.

मित्रांनो, इथेच माझी गोष्ट संपली असती तर मी फक्त चांगला ठरलो असतो. तसे झाले नाही.

लीलाबाईंचा मुलगा पियुष गावात मोबाइलचे दुकान चालवतो. त्याने घराला नवा रंग दिला, दोन्ही खोल्यांत एसी बसवले. त्यात वाईट काही नव्हते. पाहुणे सुखावले. मला त्याने जून महिन्यात मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीला लावून ठेवले. “मंग पाहू याचं काय कराचं ते,” असे म्हणून तो दुकानात गेला. माझ्या टाकीत अर्धे पाणी होते. लीलाबाईंना वाटले पियुषने टाकी उपसली असेल. पियुषला वाटले आई उपसेल. मग पाऊस लागला आणि टाकी काठापर्यंत भरली.

वाळा कुजला. ऑगस्टमध्ये माझ्या पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखे काहीतरी वळवळू लागले. मी ते जाणत होतो असे म्हणणार नाही. ते माझ्यात होते, इतकेच. लीलाबाई दुपारी मागच्या पायरीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर, आंबाडीची भाजी निवडत बसायच्या. अधूनमधून पायावर चापट मारायच्या.

महिन्याच्या शेवटी त्या तापाने पडल्या. पहिले दोन दिवस त्यांनी अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी पियुषने त्यांना उचलून गाडीत घातले. डेंगू होता. रक्तातल्या पेशी इतक्या खाली गेल्या की पियुष दोन दिवस दवाखान्याच्या बाकावरून उठला नाही. ‘पाठटेक’ला कुलूप लागले.

कपडे न्यायला तो एकदा घरी आला, तेव्हा आरोग्य खात्याची निकिता त्याच्या मागोमाग आली. डेंगूचा रोगी सापडला की त्या घराची तपासणी होते. तिने माठ पाहिले, कुंड्या पाहिल्या, मग माझ्या टाकीत टॉर्च मारला आणि पियुषला बोलावले.

“हे पाहा, दादा.”

पियुष वाकला.

“अळ्या हायेत,” निकिता म्हणाली. “कवापासून पानी हाय याच्यात?”

“जूनपासून,” तो हळूच म्हणाला. “मी रिकामाच नाई केला.”

ती त्याला रागे भरली नाही. तिने बूच काढले, पाणी कोरड्या मातीवर सोडले आणि वहीत काहीतरी लिहून पुढच्या घराकडे गेली.

लीलाबाई अकराव्या दिवशी घरी आल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्यांना खुर्चीवर बसवून पियुष म्हणाला, “आई, तो कूलर मी उद्या भंगारात देतो. त्याच्यापायीच झालं हे.”

लीलाबाईंनी दारातून माझ्याकडे पाहिले. मी आडवा पडलो होतो, ताट्या निघालेल्या, माझी अर्धवट रंगवलेली बाजू वर.

“त्याच्यात पानी का त्यानं भरलं होतं?” त्यांनी विचारले.

पियुष पायरी उतरून माझ्यापाशी आला.

“तुवा उपसलं नाई, मीबी उपसलं नाई. थे पानी दोघायचं. घास त्याले. माह्यासमोर घास.”

त्याने काथ्या घेतला आणि मला आतून-बाहेरून घासले. त्या खुर्चीवरून बोट दाखवत होत्या : कोपरा राहिला, पंपाखाली राहिलं. मध्येच पियुषच्या डोळ्यांत पाणी आले. ते लीलाबाईंना दिसले; त्यांनी फक्त “सावकाश कर” एवढेच म्हटले. मग दोन दिवस मला उन्हात उघडे ठेवले.

आता मी व्हरांड्यात असतो. उन्हातून आलेला माणूस आधी माझ्यापुढच्या बाकावर बसतो, मग आत जातो. फळ्यावर लीलाबाईंनी पियुषकडून एक ओळ वाढवून घेतली आहे : ‘शनिवारी कूलर कोरडा.’ शनिवार चुकला तर त्या काठी टेकत स्वतः येतात.

मित्रांनो, माझी कोणाबद्दल तक्रार नाही. मी पत्रा आहे. तुम्ही माझ्यात ताजे पाणी भरलेत तर मी ते गार करून देतो. विसरलात तर तेच पाणी मी तितक्याच इमानाने धरून ठेवतो, मग त्यात काहीही वाढो. तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल, गच्चीवर, न्हाणीमागे, जिन्याखाली. आज त्याच्याकडे एकदा जाऊन या. त्याचे बूच त्याला स्वतःला काढता येत नाही.