उजेडाचा बार

गंगारामाचा दहावा बारही फुकट गेला. काळ्या कापडाच्या तंबूतलं लाकडी डुक्कर लाल डोळा पेटता ठेवून सायकलच्या चेनीवरून डावीकडून उजवीकडे सरकलं, टोकाला जाऊन वळलं आणि पुन्हा निघालं. जसं काही त्याला कुणी मारायला आलंच नव्हतं.

मग मागून हौसाबाई मासेवालीचा आवाज आला, "काय रे गंगाराम, डुकर तुझो पावणो लागता काय?"

महाशिवरात्रीच्या जत्रेचा अख्खा तंबू हसला. परशुराम हसला नाही. ते डुक्कर त्याच्या हातचं होतं, आणि गंगाराम त्याच्या धाकट्या बहिणीचा, जानकीचा नवरा होता.

आठ वर्षं परशुराम मुंबईत एका कारखान्यात होता. बोटींवरून खलाशांच्या क्लबांत उतरणारी खेळाची यंत्रं तिथे दुरुस्तीला येत. नाणं टाकलं की वाजणारी, फिरणारी, गोळ्या उडवणारी. कारखाना बुडाला तेव्हा मालकाने पगाराच्या बदली एक चहाची पेटी दिली. तिच्यात रिले, म्हणजे विजेने चिकटणाऱ्या कळी होत्या, तारांची भेंडोळी होती, एक जाड भिंग होतं आणि रुपयाएवढी सेलेनियमची चकती. ती घेऊन तो गावी आला, तळेऱ्यापासून दोन कोसांवर. फणसाच्या लाकडाचं डुक्कर कोरलं. भंगारातल्या लॉरीच्या वायपरची मोटर चेनीला जोडली. शिवणीच्या लाकडाचा दस्ता लावून बंदूक केली. तिच्या नळीत बल्ब आणि तोंडाशी भिंग. चाप ओढला की पापणी लवेपर्यंत उजेडाची एक तिरीप सुटायची. डुकराच्या खांद्यावर भोक, भोकाआड चकती. चकतीवर उजेड पडला की तिच्यात मुंगीच्या पावलाएवढी वीज जागी व्हायची, रिले टक्कन चिकटायचा, डुकराचा डोळा विझायचा आणि लॉरीचा भोंगा किंचाळायचा. लोक म्हणायचे, परशाने उजेडाला धार लावली.

"दी हय," म्हणत हौसाबाईने गंगारामाच्या हातून बंदूक ओढली. जन्मात तिने कोयतीपलीकडे हत्यार धरलं नव्हतं. दहातले सात बार लागले. भोंगा सात वेळा किंचाळला.

"गावकारांनू," महादू पुढे झाला. त्याच्या घराण्याचा गंगारामाच्या घराण्याशी तीन पिढ्यांचा वाद. "शिमग्याच्या पारधीक पयलो बार ह्येच्या घराण्याचो. पण हात जर असो, तर पयल्या बाराचो मान देवाक परत इचारूक व्हयो."

गंगारामाच्या मानेच्या शिरा ताठल्या. पहिला बार म्हणजे डुकराचं मुंडकं, देवळात उजवी बाजू, आणि मेल्यावर तिरडीला गावाचा खांदा. बापाने तो मान राखला, आज्याने राखला. आज एका मासेवालीने तो सात वेळा हसत काढून घेतला. त्याने लाकडी बंदूक नळीकडून धरली आणि दस्ता परशुरामाच्या तोंडावर घातला.

दोन दात मातीत पडले. परशुराम खाली गेला तसा दुसरा घाव बरगडीवर आला, तिसरा त्याच बरगडीवर.

"फसवलंस माका! माझ्याच मेवण्यान माझी अब्रू काढल्यान! ह्या डुकराक फोडतंय, नि तुकाय फोडतंय!"

चार जणांनी त्याला धरला म्हणून डुक्कर वाचलं.

दुसऱ्या दिवशी जानकी आली. एक डोळा सुजून बंद झाला होता. तिने पदर पुढे ओढला, पण भावापासून काय लपतंय?

"दादा, तो जेवना नाय. बंदूक मांडयेर घेऊन बसता, नि माझ्याकडे असो बघता, जसो मीच डुकर." ती थांबली. "तुझा यंत्र तूच जाणतस. तेका शिकव. मान गेलो तर तो महादूक मारतलो, नायतर माका."

परशुरामाने विचार केला. हात वाईट असता तर एखादा तरी बार लागला असता. दहाही बार चुकतात, तेव्हा ती चूक नसते, सवय असते. त्याने डुकराच्या मागे पांढरं पातळ ताणलं आणि गंगारामाला बोलावून आणलं. गंगाराम आला तो खांद्यावर खरी ठासणीची बंदूक घेऊनच.

"मारा भावजी. उजेड खंय पडता तो बघया."

चाप ओढला. पांढऱ्या पातळावर उजेडाचा ठिपका पडला, डुकराच्या नाकाच्या चार बोटं पुढे. पुन्हा चार बोटं. पुन्हा चार.

"हात पुढे जाता तुमचो."

"बापाशीन शिकवल्लो हात आसा तो. तो कसो चुकात?"

"बापाशीक खंय होती उजेडाची बंदूक? उजेडाक येळ लागना नाय, भावजी. तेच्यावरच धरा. भोकावर."

गंगारामाने दात आवळून भोकावर धरलं. रिले टक्कन वाजला. भोंगा किंचाळला आणि त्या किंचाळण्यात गंगाराम लहान पोरासारखा हसला.

मग पंधरा दिवस डुक्कर त्याच्याच पडवीत होतं. सकाळी न्याहारीआधी शंभर बार, दुपारी शंभर. बॅटरी उतरली की परशुराम ती तळेऱ्याच्या फाट्यावर चढवून आणी. हात पुढे पळायचा, गंगाराम त्याला मागे खेचायचा; मग हात पळायचा थांबला. दहापैकी दहा. महादूला बोलावून त्याच्यासमोर दहा. महादू पायरी उतरून गेला. जानकीच्या डोळ्याची सूज ओसरली, आणि जात्यावर तिची ओवी पुन्हा सुरू झाली:

भाव माझो मुंबयकार
हाणता उजेडाचो बार
घोव माझो पारधी
तेका डोंगराचो भार

परशुराम दारात उभा राहून ती ऐकत असे, तुटक्या दातांच्या खाचेत जीभ घालून. त्याने जन्मात खरी बंदूक उचलली नव्हती. आपण एक संसार दुरुस्त केला, एवढंच त्याला वाटत होतं.

शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी देवळासमोर गाऱ्हाणं झालं. "ह्या लेकराच्या हाताक यश दी रे म्हाराजा!" आणि दोनशे गळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हटलं. ढोल, डबे आणि आरोळ्या घेऊन हाकारे रानात शिरले. परशुराम गंगारामाच्या मागे वीस पावलांवर, एका किंजळीच्या बुंध्याशी होता. भावजींचा मान त्याला डोळ्यांनी बघायचा होता.

करवंदीची जाळी फुटली. काळा, केसाळ, पाठीवर काटे उभारलेला दांडगा नर बाहेर पडला आणि उजवीकडून डावीकडे सुटला. लाकडाच्या डुकरासारखाच, आडवा. गंगारामाने खांद्याला दस्ता लावला. नळी डुकराबरोबर फिरली, नीट त्याच्या खांद्यावर, एक बोटभर पुढे नाही, एक बोटभर मागे नाही.

बार झाला. धूर फुटला. ठिणगी दारूला लागेपर्यंत, शिसं तीस पावलं जाईपर्यंत डुक्कर दीड हात पुढे गेलं होतं. गोळी पोटात मागे शिरली. आतडी लोंबवत ते वळलं.

इथे डोळा विझला नाही. भोंगा वाजला नाही. गंगाराम, बहुतेक सवयीनेच, रिकामी बंदूक तशीच धरून त्या आवाजाची वाट बघत उभा राहिला. एवढ्यात डुक्कर त्याच्या मांड्यांत शिरलं. सुळा खालून वर आला, गुडघ्यापासून जांघेपर्यंत. तो पडला तसा दुसऱ्यांदा आला, पोटात. डुक्कर मान झटकत होतं, आणि दर झटक्याला गंगाराम जमिनीवरून वीतभर उचलला जात होता. महादू धावत आला. त्याने कोयता डुकराच्या मानेत घातला, उपसला, पुन्हा घातला. पाचव्या घावाला ते गंगारामाच्याच अंगावर कोसळलं.

दोघांनी मिळून ते धूड ओढून काढलं. परशुरामाने कमरेचा पंचा सोडून जांघेत कोंबला. तो भिजला. सदरा कोंबला. तोही भिजला. रक्त बोटांमधून उसळत होतं, गरम, झऱ्यासारखं.

"परश्या," गंगाराम म्हणाला. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "मी तेच्यावरच धरल्लंय रे. भोकावर."

तेव्हा परशुरामाला कळलं. ते चार बोटांचं अंतर चूक नव्हतं. बापाने, आज्याने, त्याच्याही बापाने रानात कमावलेली ती विद्या होती, आणि त्याने ती पंधरा दिवसांत, शंभर-शंभर बारांनी, घासून पुसून टाकली होती.

डोली तळेऱ्याच्या दवाखान्यात पोचलीच नाही. वाटेतल्या सड्यावरच, उघड्या कातळावर, गंगाराम गेला. तिरडीला खांदा गावाचा मिळाला. महादूने स्वतः पुढचा दिला.

तेराव्यानंतर जानकी कुऱ्हाड घेऊन भावाच्या अंगणात आली. परशुरामाने तिला सगळं सांगितलं होतं, काही न राखता. तो डुकरासमोरून बाजूला झाला. पहिल्या घावात बंदुकीची नळी गेली, भिंग फुटलं. दुसऱ्यात चेन तुटली. तिसऱ्या घावासाठी तिने कुऱ्हाड उचलली ती डुकरावर नव्हे, भावाकडे वळून. तो हलला नाही. पातं त्याच्या कानाशेजारून खांबात रुतलं.

"मीच तुका सांगितलंय, शिकव म्हणान," ती म्हणाली आणि खांबाला डोकं टेकून ओरडली. असं ओरडली की गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली.

पुढच्या महाशिवरात्रीला तंबू पुन्हा लागला. पहिल्या बाराचा मान आता महादूकडे होता. त्याने नवी नळी न्याहाळली, मग डुकराकडे पाहिलं. डुकराच्या खांद्यावरचं भोक लाकडाने बुजवलं होतं. नाकासमोर, चार बोटं पुढे, लोखंडी सळीच्या टोकाला ती रुपयाएवढी चकती लटकत होती, डुकराबरोबर सरकत.

"ह्या काय रे नवीन? चकती डुकराच्या भायर?"

हौसाबाईने आधीच दहा बार मारले होते. एकही लागला नव्हता, आणि ती कुरकुरत होती.

"तू तुझ्या हातान मार," परशुराम म्हणाला. "रानात मारतस तसो."

महादूने नळी फिरवली. बापाने शिकवलेला हात डुकराच्या पुढे गेला. चाप ओढला. रिले टक्कन वाजला, डोळा विझला, भोंगा किंचाळला.

तंबूच्या दारात जानकी बॅटरीपाशी बसली होती. भोंगा वाजला तसे तिने दोन्ही हात कानांवर ठेवले, आणि तो थांबेपर्यंत काढले नाहीत.

"पण डुकर तर मागे आसा," महादू म्हणाला.

"गोळी पोचासर," परशुराम म्हणाला, "तो थंयच येता."